हात न टेकता

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या माहेरच्या गावी ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह होता. काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत आईच्या शेजारी मांडी घालून बसले, पोटभर जेवले आणि पत्रावळ उचलून उठायला गेले, तर उठताच येईना. पायांना मुंग्या आल्या नव्हत्या की गुडघा दुखत नव्हता. मांड्यांत शरीर उचलण्याइतके बळच नव्हते. एका हातात पत्रावळ धरून दुसरा हात जमिनीवर टेकवला आणि एका कुशीला कलंडत कशीबशी उभी राहिले. शेजारून बहात्तर वर्षांची माझी आई उठली, तीही हात टेकून. मी तेव्हा ४६ वर्षांची होते आणि त्याच जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ४ तास ५० मिनिटांत धावले होते.

त्यानंतर महिनाभरात साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन आली. या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच रस्त्याने परत फिरायचे असते. चढावर मी नेहमीसारखी लयीत होते. दम लागला तरी तो ओळखीचा होता. खरी परीक्षा परतीच्या उतारावर झाली. दर पावलाला मांडी थरथरत होती आणि शेवटचे तीन-चार किलोमीटर मी रस्त्याच्या कडेने तिरकी पावले टाकत चालत उतरले. उतारावर पाय टेकतो तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला शरीराचा भार पेलत पेलतच लांबावे लागते, आणि स्नायूला सर्वात जास्त इजा अशाच कामातून होते. चढ छातीच्या जोरावर काढता येतो, उताराला मांडीच लागते. पुढचे तीन दिवस मी जिना उलटी उतरत होते.

फिजिओथेरपिस्टने मला साध्या खुर्चीवर बसवले, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि एका पायावर उठायला लावले. डाव्या पायावर मला एकदाही उठता आले नाही. मग त्यांनी जे समजावले ते माझ्या बारा वर्षांच्या समजुतीला धक्का देणारे होते. धावणाऱ्याचे पाय आपोआप बळकट राहतात असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात संथ आणि दीर्घ धावण्यात प्रामुख्याने सावकाश आकुंचन पावणारे, लवकर न थकणारे स्नायूतंतू कामाला येतात. जमिनीवरून उठणे, घसरलेला पाय सावरणे, जड पातेले उचलणे यांसाठी लागणारे जलद तंतू त्यात जवळजवळ बसूनच राहतात, आणि वय वाढते तसे आधी तेच झिजतात. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे ३ ते ८ टक्के वस्तुमान कमी होत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. माझी पाळी अनियमित होऊ लागली होती आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जाणे हेही स्नायूंच्या दृष्टीने प्रतिकूलच असते. मॅरेथॉन धावू शकणारी बाई पंगतीतून उठू शकत नाही यात विसंगती काहीच नव्हती. ज्याचा सराव होता ते टिकले होते, ज्याचा नव्हता ते गेले होते.

बरोबर धावणाऱ्या मैत्रिणींचा पहिला सल्ला ठरलेला होता: प्रथिनांसाठी अंडी सुरू कर. तो प्रेमापोटीच होता, पण माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकोणिसाव्या वर्षी आजीबरोबर पंढरपुरात मी ती घातली, आणि एकदा घातल्यावर मांस, मासे, अंडी हा विषय संपतो. ही मी कोणावर लादण्याची गोष्ट नाही आणि मला तिची कधी अडचणही वाटलेली नाही. त्यामुळे माझ्यासमोरचा प्रश्न अगदी नेमका होता. माळ गळ्यात ठेवून हे स्नायू परत मिळवता येतील का, आणि येत असतील तर त्यासाठी रोज काय करावे लागेल?

शक्यतेविषयी शंका घ्यायला फारशी जागा नाही. अमेरिकेचा स्कॉट ज्युरेक दूधही न घेता, पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर डोंगरातली १०० मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे जिंकला. शाकाहारी फौजा सिंग यांनी २०११ साली वयाच्या शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. या नावांनी मला धीर दिला, पण दुपारच्या जेवणात डाळ किती घ्यावी हे ती मला सांगू शकत नव्हती.

आईचे म्हणणे वेगळेच होते. मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुझी आजी सदतीस वाऱ्या चालली. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत. तिला कोणी डाळ तोलून वाढली होती का?" हा युक्तिवाद मला बरेच दिवस छळत राहिला, कारण तो खरा होता. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर, वाट अठरा-वीस दिवसांची, दिवेघाटाचा चढ त्यातच आला. आणि लाखो माळकरी भाकरी, पिठले, आमटीभातावर ते चालून जातात. शाकाहाराने दमसास कमी पडतो असे म्हणणाऱ्याने एकदा आषाढात त्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे. पण आजीची वारी वर्षातून वीस दिवसांची होती. उरलेले ३४५ दिवस ती पहाटे जात्यावर दळत होती, आडाचे पाणी शेंदून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती, भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करत होती आणि सरपणाचा भारा उचलत होती. आज व्यायामशाळेत ज्याला ताकदीचा व्यायाम म्हणतात तो तिच्या दिवसातच होता. मी तिचा आहार चालवला, तिचे चालणे वाढवून धावणे केले, आणि तिचे ओझे मात्र बँकेच्या खुर्चीत बसून सोडून दिले.

आजीचे दुसरे चित्रही मला विसरता येत नाही. साठीनंतर ती कमरेत वाकली ती वाकलीच. शेवटच्या वर्षांत तिचे दंड धरले की हाताला हाडच लागे. सर्वांचे जेवण झाल्यावर ती बसायची, तेव्हा पातेल्यात जे उरले असेल ते तिचे. डाळ कमी पडतेसे वाटले की वरणात तांब्याभर पाणी वाढवायचे ही आमच्या घरची रीत होती, आणि ते पाणी वाढवलेले वरण नेहमी शेवटच्या पानावर, म्हणजे बाईच्या पानावर येत असे. लग्नानंतर मीही तेच करत आले. कोणी सांगितले नव्हते, हाताला वळण होते.

मी सलग पाच दिवस माझे प्रत्येक पान तोलले. सकाळी दाणे घातलेले पोहे आणि चहा. दुपारी दोन पोळ्या, फळभाजी, एक वाटी पातळ वरण, थोडा भात. संध्याकाळी चहा आणि एखादे फळ. रात्री ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, पेलाभर ताक. पोट भरत होते, कोणी याला निकृष्ट जेवण म्हणणार नाही. त्यात दिवसाला सरासरी ४१ ग्रॅम प्रथिने होती. माझे वजन ५४ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बैठ्या, निरोगी प्रौढासाठी जी शिफारस केली ती किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे न धावता घरी बसले असते तरी मला ४५ ग्रॅम हवी होती. खेळाडूंसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन व तिच्या सहयोगी संस्थांनी २०१६ साली १.२ ते २ ग्रॅमची मर्यादा दिली आहे. मधला १.६ धरला तर माझा आकडा ८६ वर जातो. आठवड्याला ५० किलोमीटर धावणारी मी त्याच्या निम्म्यावर चालले होते. यात शाकाहाराला दोष देण्यासारखे काही नव्हते. इतक्या वर्षांचे पातळ वरण मी स्वतःच्या हाताने स्वतःला वाढले होते.

आपल्या जुन्या पदार्थांची जोडणी मुळात उत्तम आहे, हे मला याच शोधात नीट कळले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. वरणभात, भाकरी-पिठले, मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी, पुरणपोळीसुद्धा, हे सगळे एकमेकांची उणीव भरून काढणारे जोड आहेत. ते एकाच घासात यावेत असेही बंधन नाही, दिवसभरात आले तरी चालते. बिघडले आहे ते प्रमाण. कच्च्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ असा पोषणशास्त्राचा साधारण दंडक आहे. माझ्या पानात तो सहास एकच्याही पुढे गेला होता. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. माझ्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ यायची. ती ५० ग्रॅम केली तर वाटी चमचा उभा राहील इतकी घट्ट होते आणि ११ ग्रॅम प्रथिने देते. मी कुठलाही नवा पदार्थ आणण्याआधी हाच बदल केला.

पण केवळ डाळींवर ८६ गाठायला गेले तेव्हा पोटाने नकार दिला. कडधान्ये जड असतात, त्यांत चोथा भरपूर असतो, आणि लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री हुलग्याची उसळ खाऊन पहाटे पाच वाजता रस्त्यावर उतरणे किती त्रासाचे असते ते मी एकदा अनुभवले आहे. शिवाय वय वाढले की स्नायू प्रथिनांच्या लहान मात्रेला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. एका वेळी २० ते २५ ग्रॅम तरी मिळाली, आणि त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसे असले, तरच नवे स्नायू बांधण्याचे काम नीट सुरू होते. ल्युसिन दुधाच्या प्रथिनांत विपुल असते. म्हणून दूध, दही आणि पनीर यांना मी चहात व चवीपुरते न ठेवता पानात मुख्य जागा दिली. रात्री दही फडक्यात बांधून टांगते. सकाळी चक्का तयार असतो आणि निथळलेले पाणी कणीक मळायला वापरते, कारण त्यातही थोडी प्रथिने असतात. आठवड्यातून तीनदा सोयाबीनच्या वड्या होतात. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात त्या चांगल्या मुरतात.

धावून आल्यावर दुधात एक माप व्हे पावडर घेते. त्याविषयी माझ्या मनात बराच काळ खळखळ होती. व्हे म्हणजे चीज करताना निघणारी दुधाची निवळी, आणि काही देशांत चीजसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. माळकरी माणसाला हा प्रश्न सोडून देता येत नाही. मी डब्यावरचा हिरवा ठिपका पाहिला, उत्पादकाला लिहून सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरल्याची खात्री करून घेतली, आणि मगच डबा घरात आणला.

दोन समजुती मी स्वतः बाळगून होते, म्हणून त्यांविषयी सांगते. मोड आल्याने मटकीतली प्रथिने फारशी वाढत नाहीत. मोडाची मटकी पाणी पिऊन फुगते, त्यामुळे वाटीमागे ती उलट कमीच भरतात. मोडांचा खरा लाभ पचनाला आणि लोह शोषण्याला होतो. आणि शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने असली तरी जवळजवळ निम्मे तेल असते. दाण्याचा कूट जेवणाला जोड म्हणून फार चांगला, पण सगळा हिशेब त्याच्यावर सोडता येत नाही.

एकादशीचा विचार मला स्वतंत्रपणे करावा लागला. साबुदाण्यात प्रथिने नसल्यासारखीच असतात. खिचडीतले दाणे वगळले तर तो केवळ पिष्टमय पदार्थ आहे. आता माझ्या एकादशीच्या पानात राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ, भगरीबरोबर दाटसर दाण्याची आमटी, चक्का आणि रात्री पनीर असते. राजगिऱ्यात प्रथिने १३-१४ टक्के असतात आणि एरवी धान्यात कमी पडणारे लायसिनही त्यात भरपूर असते. ज्याने कोणी उपवासाच्या पानात त्याला जागा दिली त्याचे उपकार मानावेत इतका तो चांगला आहे. एकादशी रविवारी आली तर लांब पल्ल्याची धाव शनिवारी घेते. उपवास आणि २५ किलोमीटर एकाच दिवशी करून मी भक्ती आणि शरीर दोन्हींवर अन्याय करत होते. धावताना किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी खर्च होते. माझ्या २१ किलोमीटरला ११०० च्या पुढे. तेवढे इंधन अन्नातून मिळाले नाही तर शरीर प्रथिनेही जाळू लागते, आणि मोजून खाल्लेल्या डाळीचा स्नायूंना पुरेसा उपयोग होत नाही. वजन कमी राहिले की वेग वाढतो म्हणून मी अनेक वर्षे थोडी उपाशीच राहत आले होते, हे लिहिताना मला वाईट वाटते.

रक्ततपासणीत ब१२ फारच कमी निघाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या दोन तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण सर्वाधिक होते. वनस्पतींत ब१२ नसते, दुधातून मिळते ते अनेकांना अपुरे पडते. तळपायांना येणाऱ्या मुंग्या मी बुटांवर ढकलत होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी इंजेक्शने, मग गोळ्या झाल्या आणि मुंग्या थांबल्या. लोहाचा साठाही कमी होता. त्यासाठी उसळीवर लिंबू आले आणि पोह्यांबरोबरचा चहा तासभर पुढे गेला. स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा क्रिएटिन हा पदार्थ अन्नातून मुख्यतः मांस व मासे यांतूनच मिळतो. शरीर थोडे स्वतः तयार करते, पण शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी आढळतो. बाजारातले क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यात प्राणिजन्य काही नसते. मूत्रपिंडाची तपासणी करून घेतल्यावर मी रोज ३ ग्रॅम घेऊ लागले.

एवढे सगळे करूनही प्रथिने आपोआप मांडीत जाऊन बसत नाहीत. त्यांना तिथे बोलवावे लागते, आणि ते बोलावणे वजन उचलूनच जाते. वडील तरुणपणी तालमीत जात. पहाटे ओसरीवर ते बैठका काढत तेव्हा त्यांच्या श्वासाचा हूं-हूं आवाज मला अंथरुणात ऐकू येई. म्हणून मी सुरुवात बैठकांनी केली. पहिल्या दिवशी आठ झाल्या, तीन महिन्यांत पन्नास. मग प्रशिक्षकाने सांगितले की पन्नास बैठका हाही आता दमाचाच व्यायाम झाला. ताकद वाढायला पाच-सहा वेळांतच थकवेल असे ओझे लागते.

व्यायामशाळेतला पहिला दिवस स्पष्ट आठवतो. २० किलोची मोकळी दांडी, तिच्यावर एकही चकती नाही. तळहाताला तिचा खरखरीत गारवा लागला. मुलाच्या वयाचा प्रशिक्षक शेजारी उभा राहून सांगत होता, "काकू, पाठ सरळ. टाचा रोवा. दांडी ओढू नका, जमीन पायांनी खाली ढकला." त्याचे ते शेवटचे वाक्य ऐकले आणि मला आजी आठवली. हंडा डोक्यावर घेऊन चढणीवर पाऊल टाकण्याआधी ती असाच तळपाय दाबायची.

धावणे आणि वजने एकमेकांच्या आड येतात का, हा प्रश्न १९८० साली रॉबर्ट हिक्सन यांनी प्रयोगाने तपासला होता. दहा आठवडे दोन्ही भरपूर करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर खुंटली आणि घसरू लागली. केवळ वजने उचलणाऱ्यांची मात्र वाढतच गेली. त्या प्रयोगातला सराव अत्यंत कडक होता, आणि माझ्यासारखीला त्यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की दोन्हींना जागा आणि विश्रांती द्यावी. मी धावण्याचे दिवस पाचावरून चारावर आणले. मंगळवारी सकाळी वेगाचा सराव असतो, त्याच संध्याकाळी वजने. गुरुवारी पुन्हा वजने. त्यामुळे सोपे दिवस खरोखर सोपे राहतात. घाटाच्या उतारासाठी जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभी राहून दुसरा पाय चार आकडे मोजत खाली टेकवते. दिसायला काहीच नाही, पण दहाव्या वेळी मांडी पेटते. बाईने वजने उचलली की ती पुरुषासारखी दिसेल ही भीती मला बऱ्याच जणींनी बोलून दाखवली. अडीच वर्षांत माझे वजन ५४ वरून ५६ झाले आहे आणि ६५ किलोची दांडी मी जमिनीवरून पाच वेळा उचलते.

मागच्या सप्टेंबरात यवतेश्वरचा उतार मी धावत उतरले. धुके होते, रस्ता ओला होता, आणि मांड्या दुखल्या तरी प्रत्येक पावलाला ऐकत होत्या. मॅरेथॉनची वेळ म्हणावी तशी सुधारलेली नाही आणि या वयात ती किती सुधारेल याची मला घाई नाही.

आई आता पंचाहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. हाड वाचले, पण दोन महिने माझ्याकडे राहिली. पहिल्या आठवड्यात तिला खुर्चीवरून उठायला हात द्यावा लागायचा. सकाळच्या पूजेनंतर मी तिला त्याच लाकडी खुर्चीवर बसवून हात न टेकता उठायला लावत असे. आधी खाली दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. गावी परतल्यावर तिने ते सोडलेले नाही. परवा फोनवर म्हणाली, "दहा झाल्या गं आज." आणि मग थोडे थांबून, "तुझ्या वहिनीला सांगितलंय, वरणात पाणी वाढवायचं नाही. कमी पडलं तर डाळ लाव म्हटलं परत."